बीम नसलेलं छत आणि केनवडचं धाबं

काका केनवडहून चार दिवसांसाठी पुण्याला आले होते. इमारतीच्या तळघरात गाडी लावली, काका उतरले आणि तिथेच थांबले. मान वर. डोक्यावर सपाट, एकसंध काँक्रीटचं छत दूरवर पसरलेलं. कॉलमच्या माथ्याशी तेवढा एक चौकोनी जाड भाग खाली उतरलेला, बाकी सगळं कोरं.

"काऊन रे बापू," काका म्हणाले, "याले बीमच नाही!"

"नाही काका. फ्लॅट स्लॅब हाय हा."

"वर काय हाय?"

"वर बगीचा हाय. पोरांचं खेळायचं मैदान हाय."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "मंग येवढं वझं जाते कुठून?"

गेली कित्येक वर्षं मी इमारतींची मॉडेलं कॉम्प्युटरवर बनवतो. पण या विषयातला सगळ्यात खोल प्रश्न इतक्या कमी शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. वझं जाते कुठून? फ्लॅट स्लॅबचं सगळं गणित, शंभर वर्षांचे वाद, आजचं सॉफ्टवेअर, सगळं या एका प्रश्नाचं उत्तर शोधत आलं आहे. आणि त्या उत्तराची किल्ली काकांच्या जुन्या घरातच होती.

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं केनवड हे आमचं गाव. काकांचं जुनं घर धाब्याचं. लाकडी खांब, खांबांवर जाड मयाल म्हणजे तुळया, मयालांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाळ्याआधी काका धाब्यावर चढून नवी माती चोपायचे. कोणती कडी दबली आहे, कोणता मयाल करकरतो, हे त्यांना पायाखालून कळायचं. त्या घरात वजनाची वाट डोळ्यांना दिसते. माती किलच्यांवर, किलच्या कड्यांवर, कड्या मयालांवर, मयाल खांबांवर. नदीला ओढा मिळावा तसं वजन एकातून दुसऱ्यात उतरत जातं.

आता या धाब्याकडे हिशेबाच्या नजरेने पाहू. समजा चार खांबांमधला चौक सहा मीटर बाय सहा मीटरचा आहे आणि दर चौरस मीटरवर एक टन वजन आहे. लाकडाच्या घरात इतका मोठा चौक आणि इतकं वजन नसतं, पण हिशेबाला सोपं पडतं. एकूण वजन ३६ टन. कड्या समजा पूर्व-पश्चिम टाकल्या आहेत. हे सगळे ३६ टन कड्यांना पूर्व-पश्चिम वाहून न्यावे लागतात. त्यांना वाकवू पाहणारा जोर, ज्याला इंजिनीअर मोमेंट म्हणतात, तो वजन गुणिले अंतर भागिले आठ, म्हणजे २७ टन-मीटर. कड्यांचं काम झालं. वजन दोन्ही बाजूंच्या मयालांवर पोचलं. आता ते मयाल उत्तर-दक्षिण आहेत, आणि त्यांना ते वजन खांबांपर्यंत न्यायचं आहे. दोघांवर मिळून पुन्हा तेच ३६ टन. तेच अंतर. मोमेंट पुन्हा २७ टन-मीटर.

इथे जरा थांबा. वजन एकच आहे, पण ते दोनदा वाहिलं गेलं. एकदा पूर्व-पश्चिम पूर्णच्या पूर्ण, मग उत्तर-दक्षिण पूर्णच्या पूर्ण. अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे अशी वाटणी झाली नाही.

फ्लॅट स्लॅबमध्ये कड्या नाहीत आणि मयालही नाहीत. पण वजनाला खांब गाठायचाच आहे, आणि खांब कोपऱ्यात आहे. म्हणून त्या एकाच काँक्रीटच्या पाटाला कडीचंही काम करावं लागतं आणि मयालाचंही. एकाच जाडीत, एकाच वेळी. दोन्ही दिशांना पूर्ण मोमेंट. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो. मन म्हणत असतं की दोन दिशा आहेत तर ओझं निम्मं-निम्मं होईल. चारही बाजूंना बीम किंवा भिंती असलेल्या स्लॅबमध्ये स्लॅबपुरतं ते खरंही असतं, कारण उरलेलं काम बीम करतात. बीम काढून टाकले की ते उरलेलं काम स्लॅबच्या अंगावर येतं. काम नाहीसं होत नाही.

हे सांगायला जगाला एक माणूस लागला आणि त्याचं ऐकायला अनेक वर्षं लागली. त्याच्याही आधी अमेरिकेत मिनियापोलिसच्या सी. ए. पी. टर्नर या इंजिनीअरने १९०६ साली जॉन्सन-बोव्ही इमारतीत बीम नसलेले मजले उभारले. कॉलमचा माथा वर पसरत जाऊन स्लॅबमध्ये मिसळायचा, म्हणून त्याने त्याला 'मशरूम' म्हणजे भूछत्र असं नाव दिलं. पावसाळ्यात बांधावर उगवणारी कुत्र्याची छत्री आठवा, तसाच आकार. युरोपात स्वित्झर्लंडच्या रोबेर मायार याने स्वतंत्रपणे असाच स्लॅब शोधला आणि १९१० मध्ये झुरिकच्या एका गोदामात तो वापरला. टर्नरच्या इमारती झपाट्याने वाढल्या. त्यांच्यावर वजन ठेवून चाचण्या घेतल्या, तर त्या ठणठणीत उभ्या. पण त्यांच्यात सळई किती असावी, यावर कुणाचंच एकमत नव्हतं. एकाच मापाच्या स्लॅबसाठी वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळी उत्तरं द्यायच्या आणि त्यांत कित्येक पटींचा फरक असायचा.

मग १९१४ मध्ये जॉन निकोल्स या इंजिनीअरने एक अगदी साधी गोष्ट केली. स्लॅबचा एक तुकडा मनातल्या मनात कापून वेगळा काढला आणि विचारलं की या तुकड्यावरचं वजन आणि त्याच्या कडांवरचे जोर यांचा तोल बसतो का? तोल बसायला कडांवर मिळून किती मोमेंट हवा, ते त्याने शाळेतल्या स्थितिगणिताने काढलं. उत्तर आलं ते आपल्या धाब्याचंच. वजन गुणिले अंतर भागिले आठ, कॉलमच्या रुंदीपुरती थोडी सूट देऊन, आणि तेही दोन्ही दिशांना वेगवेगळं, पूर्ण. त्यावर तेव्हाच्या नामांकित इंजिनीअरांनी झोड उठवली. टर्नरसुद्धा त्यांच्यात होता. उभ्या इमारती पडत नाहीत, मग हे गणित कशाला, असा त्यांचा सूर होता. त्या इमारती का उभ्या होत्या, याचा खुलासा १९२१ मध्ये वेस्टरगार्ड आणि स्लेटर यांनी केला. चाचणीच्या वेळी काँक्रीटला पूर्ण तडे गेलेले नसतात. न तडकलेलं काँक्रीट स्वतःच बराच ताण पेलतं, म्हणून सळईवर मोजलेला ताण कमी दिसतो. सळई कमी लागते, असा त्याचा अर्थ होत नव्हता. तरीही अमेरिकन नियमांनी १९७१ पर्यंत फ्लॅट स्लॅबला या गणितापेक्षा कमी मोमेंटवर चालवून घेतलं.

आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, हाच वजन-गुणिले-अंतर-भागिले-आठ सरळ लिहिलेला आहे. कलम ३१. तिथे पुढची पायरीही आहे आणि ती मला फार आवडते. सहा मीटरचा चौक, ५०० मिलिमीटरचे चौरस कॉलम आणि तोच एक टन. कॉलमच्या कडेपासून कडेपर्यंतचं मोकळं अंतर साडेपाच मीटर. मोमेंट २२.७ टन-मीटर. यातला ६५ टक्के भाग कॉलमजवळ येतो, तिथे स्लॅब वरच्या अंगाला ताणला जातो. उरलेला ३५ टक्के मधोमध येतो, तिथे ताण खालच्या अंगाला. मग कॉलमच्या रांगेवरचा तीन मीटरचा पट्टा घ्या आणि दोन रांगांच्या मधला तीन मीटरचा पट्टा घ्या. रुंदी सारखीच. पण कॉलमवरचा पट्टा वरच्या मोमेंटचा ७५ टक्के आणि खालच्याचा ६० टक्के वाटा उचलतो. बेरीज केली तर एकूण कामाचं जवळपास ७० टक्के त्या अर्ध्या रुंदीत होतं. म्हणजे बीम दिसत नसला तरी स्लॅबने स्वतःच्या पोटात एक मयाल तयार केलेला असतो. कुणी आखून दिलेला नाही, कुणी साचा लावलेला नाही. काँक्रीटने जिथे आधार कडक आहे तिकडे झुकून आपणहून केलेला.

हे काकांना त्या संध्याकाळी लॅपटॉपवर दाखवलं. मोठा पडदा असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

कॉम्प्युटर फ्लॅट स्लॅब कसा बघतो? तो त्याचे लहान-लहान चौकोन करतो. या रीतीला फायनाइट एलिमेंट हे नाव १९६० साली बर्कलीच्या रे क्लफ यांनी दिलं. त्याच विद्यापीठात एडवर्ड विल्सन यांनी केलेल्या कामातून आज पुण्या-मुंबईच्या अनेक ऑफिसांत चालणारं इटॅब्स आणि स्लॅबसाठीचं सेफ ही सॉफ्टवेअरं उभी राहिली. समजा आपला मजला लांबीत पाच चौक आणि रुंदीत चार चौक, म्हणजे वीस चौकांचा आहे. प्रत्येक चौकोन अर्ध्या मीटरचा धरला तर एका चौकात १४४ आणि मजल्यावर २,८८० चौकोन होतात. त्यांचे कोपरे २,९८९. प्रत्येक कोपरा सहा प्रकारे हलू शकतो, तीन दिशांना सरकून आणि तीन अक्षांभोवती वळून. म्हणजे सुमारे १८ हजार अज्ञात आणि तितकीच समीकरणं, एका मजल्यासाठी. निकोल्सच्या काळात ती हाताने सोडवायला आयुष्य पुरलं नसतं. लॅपटॉप ती चहा थंड व्हायच्या आत सोडवतो.

पण मला आश्चर्य वेगाचं वाटत नाही. मला आश्चर्य याचं वाटतं की त्या २,८८० चौकोनांतल्या एकालाही इमारत माहीत नसते. प्रत्येकाला फक्त आपले चार कोपरे ठाऊक. कोपरा इतका हलला तर मी इतका विरोध करेन, एवढंच तो सांगू शकतो. कॉलम कुठे आहेत, बगीचा कुठे आहे, हे त्याच्या गावीही नाही. तरी सगळे आपापल्या शेजाऱ्याशी कोपरे जुळवून घेतात, तोल साधतात, आणि पडद्यावर रंगांचा नकाशा उमटतो तेव्हा कॉलमच्या रांगांवर तो लपलेला मयाल लालभडक दिसतो. काकांनी त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पाय, मयाल इथी हाय." मी काहीच सांगितलं नव्हतं.

मात्र हा नकाशा खरा निघायला मॉडेल करणाऱ्याने काही गोष्टी नीट सांगाव्या लागतात. पहिली अगदी मुळाची. सॉफ्टवेअर विचारतं, हा स्लॅब मेम्ब्रेन आहे की शेल? मेम्ब्रेन म्हणजे चादर. चादर ओढली तर ताण घेते, पण वाकायला विरोध करत नाही. बीमच्या इमारतीत हे चालून जातं, कारण तिथे स्लॅब फक्त वजन बीमकडे सरकवतो आणि वाकण्याचं काम बीम करतात. फ्लॅट स्लॅबला चादर म्हटलं की त्या मॉडेलमध्ये वजन वाहणारं कुणीच उरत नाही. कड्याही नाहीत, मयालही नाहीत, फक्त हवेत पसरलेली चादर. शेल म्हणजे वाकायला विरोध करणारा पाट. फ्लॅट स्लॅब शेलच असायला हवा. कॉलमपाशी खाली उतरलेला जाड भाग, ज्याला ड्रॉप म्हणतात, तोही वेगळ्या जाडीचा शेल म्हणून द्यावा लागतो. तो दिला नाही तर कॉलमजवळचा कडकपणा कमी पडतो आणि वजन वेगळीच वाट धरतं.

दुसरी गोष्ट इतकी सुंदर आहे की तिच्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. मॉडेलमध्ये कॉलम म्हणजे एक रेघ. ती रेघ स्लॅबला एका बिंदूत भेटते. बिंदूला रुंदी नसते. आणि पातळ पाटाला बिंदूवर टेकवलं तर गणित म्हणतं की त्या बिंदूपाशी मोमेंट अनंत होतो. आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की चौकोन बारीक केले तर उत्तर अधिक अचूक होईल. इथे उलट होतं. अर्ध्या मीटरचे चौकोन घेतले तर कॉलमवर एक आकडा दिसतो, पाव मीटरचे घेतले तर त्याहून मोठा, दहा सेंटिमीटरचे घेतले तर आणखी मोठा. आकडा कुठेच थांबत नाही. नवा मुलगा घाबरतो, सळई वाढवत सुटतो. पण खऱ्या कॉलमला पाचशे मिलिमीटर रुंदी असते, आणि स्लॅब खरोखर वाकतो तो कॉलमच्या कडेपासून बाहेर. म्हणून कॉलमच्या अंगाइतका भाग मॉडेलमध्ये कडक धरायचा, मोमेंट कॉलमच्या कडेवर वाचायचा आणि तो एका बिंदूवर न वाचता पूर्ण पट्ट्याच्या रुंदीवर बेरीज करून वाचायचा. ही बेरीज चौकोन बारीक-मोठे केल्याने फारशी हलत नाही. शिखराची उंची फसवते, डोंगराचं वजन फसवत नाही.

तिसरी गोष्ट पिळाची. ओला टॉवेल दोन हातांनी पिळतो तसा स्लॅबही आपल्या कोपऱ्यांत पिळला जातो, आणि सळई मात्र फक्त दोन दिशांना टाकलेली असते. सॉफ्टवेअर दोन दिशांचे मोमेंट वेगळे आणि पिळाचा मोमेंट वेगळा दाखवतं. पहिले दोन वाचून तिसरा सोडला तर सळई कमी पडते. हा पीळ दोन दिशांच्या सळईत कसा मिळवायचा, याची रीत वूड आणि आर्मर यांनी १९६८ मध्ये मांडली. ती आज सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेवर मिळते. ती खूण आहे हे माहीत असायला हवं.

आता भीतीकडे येतो. फ्लॅट स्लॅबच्या इमारती पडल्या आहेत, आणि पडल्या तेव्हा बहुतेक वेळा एकाच कारणाने. त्याला पंचिंग म्हणतात. भाकरी थापून झाल्यावर ती ओली असताना एका बोटाच्या टोकावर तोलून पाहा. भाकरी वाकत नाही, बोटच आरपार जातं. कॉलम स्लॅबला तसाच भोसकतो.

आपल्याच चौकाचा हिशेब करू. स्लॅब २०० मिलिमीटर जाडीचा, सळईपर्यंतची कामाची जाडी १६५. मधल्या एका कॉलमवर ३६ टन, सुरक्षिततेसाठी दीडपट धरून ५४ टन. कॉलमच्या कडेपासून कामाच्या जाडीच्या निम्म्या अंतरावर एक काल्पनिक चौकोन आखायचा. त्याची परिमिती २,६६० मिलिमीटर येते. त्या कापावर दर चौरस मिलिमीटरला १.२१ न्यूटन जोर पडतो. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटची मर्यादा १.२५. म्हणजे काठावर पास. आता फक्त एक बदल करा. पार्किंगमध्ये जागा हवी म्हणून कॉलम पाचशेचा तीनशेवर आणा. तोच स्लॅब, तेच वजन. जोर १.७३ वर जातो. एम-४० काँक्रीट घेतलं तरी मर्यादा १.५८ पर्यंतच पोचते. आणि हा फक्त सरळ वजनाचा हिशेब झाला. कडेच्या कॉलमवर एकाच बाजूने स्लॅब असतो, त्यामुळे तिथे वाकडा मोमेंटही येतो. चौरस कॉलमला त्यातला जवळपास ४० टक्के भाग याच पंचिंगच्या कापातून पोचवावा लागतो, आणि तिथे तर परिमितीही तीनच बाजूंची. मी कुठलंही फ्लॅट स्लॅबचं मॉडेल उघडलं की आधी रंगांचा नकाशा बघत नाही. आधी कडेचे आणि कोपऱ्याचे कॉलम बघतो.

म्हणून तो ड्रॉप. काकांना पार्किंगमध्ये दिसलेला, खाली उतरलेला चौकोन. कॉलमभोवती जाडी २०० ऐवजी ३०० केली तर कामाची जाडी वाढते आणि कापाची परिमितीही वाढते. दोन्ही मिळून तो काप ८५ टक्क्यांनी मोठा होतो. आयएस ४५६ म्हणतं, ड्रॉप प्रत्येक दिशेला चौकाच्या निदान एक तृतीयांश लांबीचा असावा, म्हणजे आपल्या चौकात दोन मीटरचा.

कॉलमचा माथा पसरवण्याची ही कल्पना आमच्या वाशिमला नवी नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तिथे दर्शनी भागाच्या छतात दगडातच तुळया कोरल्या आहेत आणि त्यांच्या टोकांना खालून आधार देणाऱ्या मूर्ती बसवल्या आहेत. हेमाडपंती देवळांच्या खांबांवरही असेच कीचक दिसतात, पाठीवर छत घेतलेले. तुळई जिथे खांबाला भेटते, तिथे ती सगळ्यात जास्त धोक्यात असते, हे त्या पाथरवटांना हाताने कळलं होतं. गोदामातला काँक्रीटचा कॉलम-माथा म्हणजे तोच कीचक, मूर्ती नसलेला.

पंचिंगची सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे ते आधी सांगत नाही. बीम तडकतो, लोंबतो, आवाज करतो, माणसं बाहेर पडतात. फ्लॅट स्लॅबमध्ये एक कॉलम भोसकला की त्याचं वजन शेजारच्यावर येतं, तोही भोसकतो, आणि वरचा मजला खालच्यावर कोसळतो. २९ जून १९९५ रोजी सोलमधलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर असंच पडलं. ५०२ माणसं गेली. मूळ आराखड्यातले ८० सेंटिमीटरचे कॉलम ६० वर आणले होते, एक मजला वाढवला होता आणि वातानुकूलनाची जड यंत्रं छतावर सरकवली होती. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा ही बांधकाम चालू असलेली इमारत पडली आणि १४ कामगार गेले, कारण ओल्या स्लॅबखालचे टेकू लवकर काढले होते. कच्च्या काँक्रीटची भोसकलं न जाण्याची ताकद सगळ्यात कमी असते. काकांनी तरुणपणी सेंट्रिंगचं काम केलं आहे, त्यांना हे ऐकून नवल वाटलं नाही. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवस काढू नयेत असं आपलं मानक सांगतं, आणि साइटवर घाई किती असते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं, ती पहाट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. फ्लॅट स्लॅब उभं वजन उत्तम वाहतो, पण आडव्या धक्क्याला तो लवचीक आणि नाजूक असतो. बीम आणि कॉलम मिळून जी मजबूत चौकट बनते, ती इथे नसते. इमारत डुलली की कॉलम आणि स्लॅबच्या सांध्यावर वाकडा मोमेंट येतो आणि पंचिंगचा तोच धोका कित्येक पटींनी वाढतो. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात बीम नसलेल्या अनेक इमारती याच सांध्यावर हरल्या. म्हणून आपल्या भूकंपाच्या मानकाने, आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीने, फ्लॅट स्लॅबच्या इमारतीत सगळा आडवा जोर काँक्रीटच्या भिंतींनी घ्यावा असं सांगितलं, आणि शिवाय बाहेरच्या कडेने बीम-कॉलमची चौकटही मागितली. मॉडेलमध्ये इथे आणखी एक सावधगिरी लागते. तडे गेलेला स्लॅब कोऱ्या स्लॅबइतका कडक राहत नाही. अमेरिकन मानकात फ्लॅट स्लॅबची कडकपणाची किंमत कोऱ्याच्या फक्त पाव धरतात. पूर्ण किंमत धरून मॉडेल चालवलं तर पडद्यावर इमारत कमी डुलते आणि मन खोटं शांत होतं.

तरी मी फ्लॅट स्लॅबच्या बाजूने आहे. दर मजल्याला बीमची ४० सेंटिमीटर उंची वाचली तर दहा मजल्यांत चार मीटर वाचतात, एक पूर्ण मजला. सेंट्रिंग सपाट, पाइप आणि वायरी मोकळ्या, उजेड खोल आत जातो. ही फार देखणी रचना आहे. फक्त तिच्यात वजनाची वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती गणिताने पाहावी लागते, आणि गणित चुकलं तर सांगायला बीमचा तडा येत नाही.

काका परत केनवडला जाताना मी त्यांना विचारलं, आपल्या जुन्या धाब्याची एखादी कडी अजून घरात आहे का. आहे म्हणाले. मी ती मागून घेतली आहे. ऑफिसात माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवणार आहे.

जी मुलं-मुली आज हे काम शिकत आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मॉडेल चालवण्याआधी एका चौकाचं वजन गुणिले अंतर भागिले आठ कागदावर काढा, दोन्ही दिशांना वेगवेगळं. मग पडद्यावरच्या पट्ट्यांची बेरीज करा, कॉलमवरचं वरचं आणि मधलं खालचं. ती बेरीज कागदावरच्या आकड्याशी जुळत नसेल तर त्या मॉडेलवरून एकही सळई मागवू नका.